लिस्बन ते हेलसिंकी: विमानाचे अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ कसा काढावा

युरोपातील दोन विमानतळांमधले अंतर आणि तेथे पोहोचायला लागणारा वेळ इंटरनेटवर क्षणात सापडतो. परंतु एका ठिकाणी साडेचार तास, दुसऱ्या ठिकाणी पाच तास आणि तिकिटावर प्रस्थान व आगमन यांच्यात साडेसहा तासांचे अंतर दिसले, की प्रवासी गोंधळून जातो. हे तीनही आकडे बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. अंतर, प्रत्यक्ष लागणारा वेळ आणि घड्याळातील वेळ ही तीन मापे वेगळी ठेवून स्वतः हिशेब केला, तर कोणत्याही तिकिटाचा अर्थ नीट लागतो. येथे त्यासाठी लिस्बन आणि हेलसिंकी ही जोडी घेतली आहे. युरोपच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंतचा हा मार्ग लांब आहे, दोन्ही शहरांच्या घड्याळांत फरक आहे आणि वाऱ्याचा परिणाम जाताना व येताना उलटा होतो. त्यामुळे या हिशेबातले जवळजवळ सगळे प्रश्न या एका जोडीत भेटतात.

सुरुवात विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांपासून करावी, शहरांच्या नव्हे. लिस्बनचा उंबेर्तु देल्गादु विमानतळ शहरालगतच असला, तरी हेलसिंकीचा विमानतळ शेजारच्या वान्ता शहरात आहे. आणि युरोपात असेही अनेक विमानतळ आहेत, जे ज्या शहराचे नाव लावतात त्यापासून बरेच दूर असतात. लिस्बन विमानतळ ३८ अंश ४६ मिनिटे २७ सेकंद उत्तर आणि ९ अंश ८ मिनिटे ३ सेकंद पश्चिम येथे आहे, तर हेलसिंकी-वान्ता ६० अंश १९ मिनिटे २ सेकंद उत्तर आणि २४ अंश ५७ मिनिटे ४८ सेकंद पूर्व येथे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवले, की दशांश रूप मिळते: लिस्बनसाठी ३८.७७४२ आणि ९.१३४२, हेलसिंकीसाठी ६०.३१७२ आणि २४.९६३३.

यानंतर रेखांशांमधला फरक काढायचा, आणि सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. लिस्बन ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणून त्याचा रेखांश ऋण धरावा लागतो; फरक काढताना वजाबाकीऐवजी बेरीज होते आणि उत्तर ३४.०९७५ अंश येते. ऋण चिन्ह विसरले तर फरक केवळ १५.८ अंश राहतो आणि शेवटी अंतर सुमारे २,६४० किलोमीटर निघते, म्हणजे खऱ्या अंतराहून सातशे किलोमीटरांपेक्षाही अधिक कमी. पोर्तुगाल, स्पेनचा बराचसा भाग, आयर्लंड आणि ब्रिटनचा बहुतेक प्रदेश ग्रिनिचच्या पश्चिमेला येतो, हे लक्षात ठेवले तर ही चूक टळते. भारतातील सर्व ठिकाणे पूर्व रेखांशावर असल्यामुळे आपल्याला या चिन्हाची सवय नसते.

आता मोबाइलमधील वैज्ञानिक कॅल्क्युलेटर उघडावा आणि तो अंशांच्या मापावर आहे, रेडियनच्या नाही, याची खात्री करावी. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा: ०.६२६३ गुणिले ०.८६८८, म्हणजे ०.५४४१. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा: ०.७७९६ गुणिले ०.४९५२ गुणिले ०.८२८१, म्हणजे ०.३१९७. या दोन गुणाकारांची बेरीज ०.८६३८ येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा आहे तो कोन व्यस्त कोसाइनच्या कळीने काढला, की ३०.२६ अंश मिळतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर अशा एका अंशाची लांबी सुमारे १११.२ किलोमीटर असते. त्या आकड्याने गुणले असता अंतर निघते ३,३६५ किलोमीटर. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात आणि तेथे हा हिशेब आणखी सोपा होतो, कारण सागरी मैल म्हणजे मुळात अंशाचे एक मिनिट. ३०.२६ ला ६० ने गुणले, की सुमारे १,८१५ सागरी मैल हाती येतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून अधिक काटेकोर पद्धतीने केलेला हिशेब यापेक्षा काही किलोमीटरांनी वेगळा येतो. एखाद्या संकेतस्थळावरचा आकडा आपल्या आकड्याशी तंतोतंत जुळला नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

हे अंतर बृहद्वृत्ताचे आहे, म्हणजे गोलावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाचे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढणाऱ्याला हा मार्ग वाकडा वाटतो. प्रचलित मर्केटर नकाशावर लिस्बन ते हेलसिंकी ही सरळ रेषा जवळजवळ बरोबर ४५ अंशांत ईशान्येला जाते, आणि तिच्यावरून दिशा न बदलता प्रवास केल्यास अर्धे अंतर लक्झेंबर्गच्या आसपास पूर्ण होते. बृहद्वृत्तावरून निघालेले विमान मात्र सुरुवातीला ३३ अंशांकडे, म्हणजे उत्तरेला अधिक झुकून निघते, अर्ध्या वाटेवर ब्रुसेल्सच्या जरा नैर्ऋत्येला येते आणि हेलसिंकीजवळ पोहोचेपर्यंत त्याची दिशा ६० अंशांपर्यंत पूर्वेकडे वळलेली असते. दोन्ही मार्गांच्या लांबीत जेमतेम ३० किलोमीटरांचा फरक पडतो, त्यामुळे युरोपातल्या युरोपात नकाशावरची रेघ अंतराच्या बाबतीत फारसे फसवत नाही. खिडकीतून कोणता देश दिसेल, याचा अंदाज मात्र ती चुकवते.

विमान प्रत्यक्षात बृहद्वृत्तावरून काटेकोरपणे उडत नाही. उड्डाणानंतरचे आणि उतरण्यापूर्वीचे मार्ग ठरलेले असतात, लष्करी क्षेत्रे टाळावी लागतात, वादळी ढगांना वळसा घालावा लागतो, आणि कधी कधी थोडा लांबचा मार्ग चांगल्या वाऱ्यामुळे वेळ वाचवणारा ठरतो. घरच्या हिशेबासाठी मी बृहद्वृत्ताच्या अंतरात चार टक्के मिळवणे योग्य मानतो. येथे ते केल्यावर ३,५०० किलोमीटर हा सोयीचा आकडा मिळतो.

वेळ काढण्यासाठी आता विमानाचा वेग हवा. या मार्गावर साधारणपणे एअरबस ए३२० कुळातील किंवा त्याच आकाराची जेट विमाने जातात आणि ती उंचावर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट वेगाने उडतात. अकरा किलोमीटरांच्या आसपासच्या उंचीवर, जेथे तापमान शून्याखाली पन्नास अंशांहूनही कमी असते, हा वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर भरतो. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे. जमिनीवरून मोजला तर त्यात वाऱ्याची भर पडते किंवा घट होते. केवळ ३,५०० ला ८३० ने भागले तर ४ तास १३ मिनिटे येतात. वर चढताना आणि खाली उतरताना विमान हळू असते, त्यासाठी सुमारे १२ मिनिटे मिळवावीत. जमिनीवर धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणे यासाठी आणखी २५ मिनिटे धरावीत. वारा अजिबात नसेल, तर गेटपासून गेटपर्यंत ४ तास ५० मिनिटे होतात.

पण युरोपच्या आकाशात वारा नसण्याची वेळ क्वचितच येते. या अक्षांशांवर, जेट विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे, वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांतील सर्वांत वेगवान पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. समजा, पश्चिमेचा वारा ताशी ८० किलोमीटर आहे. आपला मार्ग सरळ पूर्वेला नसून ईशान्येला असल्यामुळे त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भागच, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, विमानाला पुढे ढकलतो. लिस्बनहून निघालेल्या विमानाचा जमिनीवरचा वेग ८८४ होतो आणि ३,५०० किलोमीटर ३ तास ५८ मिनिटांत कापले जातात. वरची ३७ मिनिटे मिळवून गेट ते गेट ४ तास ३५ मिनिटे. परतीच्या विमानाचा वेग ७७६ वर येतो आणि त्याला ४ तास ३१ मिनिटे अधिक ३७ मिनिटे, म्हणजे सुमारे ५ तास १० मिनिटे लागतात. जाण्या-येण्याच्या वेळांतील अर्ध्या तासाचा फरक असा येतो. वेळापत्रकातही साधारण असेच चित्र दिसते: हेलसिंकीकडे जाताना साडेचार तासांच्या जवळपास, लिस्बनकडे येताना पाचच्या जवळपास. ज्या दिवशी जेट प्रवाह मार्गाच्याच दिशेने वाहत असतो, त्या दिवशी हा फरक याहून पुष्कळ वाढू शकतो.

जमिनीवरची मिनिटे दोन्ही विमानतळांवर सारखी नसतात. लिस्बनला वापरात असलेली धावपट्टी एकच आहे आणि ती साधारण उत्तर-दक्षिण आहे. तेथे उत्तरेचा वारा नेहमीचा असल्यामुळे विमाने बहुतेक वेळा उत्तरेकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. हेलसिंकीला जाणाऱ्या विमानाला ही सोय फार चांगली पडते, कारण जमीन सोडताच ते जवळजवळ आपल्या वाटेला लागलेले असते. उलट, हेलसिंकीहून येणाऱ्या विमानाला उत्तरेकडून येऊन, विमानतळ ओलांडून, टॅगस नदीच्या दक्षिणेला जाऊन मागे वळावे लागते आणि शहरावरून उतरावे लागते. अशा वेळी खाली दिसणारे लिस्बन अतिशय सुंदर असते, पण त्यात काही मिनिटे जातात. हेलसिंकी-वान्ताला तीन धावपट्ट्या असल्यामुळे तेथे रांग कमी असते. हिवाळ्यात मात्र उड्डाणापूर्वी पंखांवरचे बर्फ आणि हिम द्रव फवारून काढावे लागते व त्यासाठी वेगळा वेळ धरावा लागतो. शिवाय संपूर्ण युरोपातील हवाई वाहतुकीचा ओघ ब्रुसेल्सच्या युरोकंट्रोलकडून सांभाळला जातो. वाटेतील एखाद्या क्षेत्रात गर्दी असेल, तर तेथून उड्डाणाची ठरावीक वेळ नेमून दिली जाते आणि विमानाला त्या वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतच जमीन सोडता येते. दारे बंद होऊनही विमान गेटवर स्वस्थ उभे राहते, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

घड्याळाचा हिशेब यापेक्षा सोपा आहे, पण नेमकेपणा मागतो. पोर्तुगालची मुख्य भूमी हिवाळ्यात जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालते आणि फिनलंड तिच्या दोन तास पुढे असतो. युरोपीय संघातील सर्व देश मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यूटीसीप्रमाणे रात्री एक वाजता, एकाच क्षणी घड्याळ बदलतात, त्यामुळे लिस्बन आणि हेलसिंकी यांच्यातील दोन तासांचा फरक वर्षभर कायम राहतो. तिकिटावरच्या सर्व वेळा स्थानिक असतात. म्हणून पूर्वेला जाताना तिकिटावरील फरकातून दोन तास वजा करायचे आणि पश्चिमेला येताना त्यात दोन तास मिळवायचे.

गोंधळ टाळण्याची खात्रीची रीत म्हणजे प्रत्येक वेळ आधी यूटीसीत आणणे. उदाहरणादाखल, जुलैमध्ये लिस्बनहून ११:०० वाजता निघालेले विमान यूटीसीप्रमाणे १०:०० वाजता निघते. ४ तास ३५ मिनिटांनी १४:३५ होतात आणि हेलसिंकी उन्हाळ्यात तीन तास पुढे असल्यामुळे तेथे १७:३५ वाजलेले असतात. तिकिटावर साडेसहा तासांहून अधिक दिसतात ते असे. उलट, हेलसिंकीहून ०८:०० वाजता, म्हणजे यूटीसी ०५:०० वाजता, निघालेले विमान ५ तास १० मिनिटांनी पोहोचते तेव्हा लिस्बनमध्ये ११:१० झालेले असतात, आणि प्रवास जणू तीनच तासांचा झाल्यासारखा वाटतो. सायंकाळी सातला लिस्बन सोडणारे विमान हेलसिंकीला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या तारखेला पोहोचते. तिकिटावरील वेळेशेजारचा अधिक एक हा आकडा तेच सांगतो. हॉटेलचे आरक्षण करताना तो न पाहिल्यास एक रात्र चुकते.

सगळ्या युरोपात मात्र घड्याळे एकत्र बदलत नाहीत. आइसलंड वर्षभर यूटीसीवर असतो आणि तुर्कस्तान २०१६ पासून वर्षभर यूटीसीच्या तीन तास पुढे. म्हणून लिस्बन–इस्तंबूल हा फरक हिवाळ्यात तीन तास आणि उन्हाळ्यात दोन तास असतो, तर हेलसिंकी–इस्तंबूल हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात शून्य. भारतातील घड्याळ तर कधीच बदलत नाही. हेलसिंकी आपल्या मागे हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास असते, लिस्बन साडेपाच आणि साडेचार. पुण्यात किंवा नागपुरात घरी कळवायचे असेल, तर वरच्या उदाहरणातले विमान १७:३५ ला उतरेल तेव्हा घरी रात्रीचे आठ वाजून पाच मिनिटे झालेली असतील.

थेट विमान रोज सोयीच्या वेळी मिळेलच असे नाही, म्हणून मधल्या थांब्याचा मार्गही तपासावा लागतो. येथे अंतर आणि वेळ यांची पूर्ण फारकत होते. लिस्बन–फ्रँकफुर्ट सुमारे १,८७४ किलोमीटर आणि फ्रँकफुर्ट–हेलसिंकी सुमारे १,५३८ किलोमीटर, म्हणजे एकूण ३,४१२. थेट अंतरापेक्षा फक्त ४७ किलोमीटर जास्त. वेळ मात्र, चढणे-उतरणे दोनदा, जमिनीवर सरकणे दोनदा आणि मध्ये किमान एक-दीड तासाचा थांबा धरला, तर सहजच दोन-अडीच तासांनी वाढतो. थांबा निवडताना किलोमीटरांपेक्षा थांब्याची लांबी, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत की नाही, आणि सीमा ओलांडावी लागते की नाही, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी सीमेच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. पोर्तुगाल, जर्मनी आणि फिनलंड हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे फ्रँकफुर्टमार्गे जाताना पारपत्र तपासणी होत नाही. लंडनमार्गे गेल्यास लिस्बनला शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि हेलसिंकीला पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. एकदाच प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा असेल, तर हा दुसरा प्रवेश मिळत नाही. ब्रिटनमधून केवळ विमान बदलण्यासाठीचे नियम वेगळे आहेत, तेही तिकीट घेण्याआधी पाहावेत. तिकीट थोडे स्वस्त दिसते म्हणून हा मार्ग घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

बृहद्वृत्ताचे अंतर आणखी एका कारणासाठी माहीत असावे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास मिळणारी भरपाई अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरांपर्यंत २५० युरो, संघांतर्गत त्याहून लांबच्या उड्डाणांसाठी ४०० युरो, संघाबाहेरच्या उड्डाणांसाठी १,५०० ते ३,५०० किलोमीटरांना ४०० आणि त्यापुढे ६०० युरो. अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीने मोजावे, असे नियमातच लिहिलेले आहे. फ्रँकफुर्ट–हेलसिंकी हे १,५३८ किलोमीटरांचे उड्डाण जेमतेम सीमारेषेच्या पलीकडे पडते आणि म्हणून ४०० युरोंच्या गटात येते. एकाच आरक्षणावर थांबा घेऊन गेल्यास प्रत्यक्ष उडालेले किलोमीटर नव्हे, तर पहिल्या प्रस्थानापासून अंतिम ठिकाणापर्यंतचे बृहद्वृत्ताचे अंतर धरायचे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्याआधी, २००९ मध्ये, तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशांनाही भरपाईचा हक्क असल्याचे याच न्यायालयाने ठरवले होते. आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके जमिनीला लागण्याची नव्हे, तर प्रवाशांना बाहेर पडता यावे म्हणून विमानाचे किमान एक दार उघडण्याची वेळ, हे २०१४ च्या निर्णयाने स्पष्ट झाले. विमान कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीत, उदाहरणार्थ अतिशय खराब हवामानात, ही भरपाई मिळत नाही. उशीर तीन तासांच्या आसपास असेल, तर दार उघडल्याची वेळ लिहून ठेवावी.

विमानतळाबाहेरचा वेळ दोन्ही टोकांना सुसह्य आहे. लिस्बनला मेट्रोचे स्थानक २०१२ पासून विमानतळावरच आहे. तिकिटावर टर्मिनल दोन असेल, तर टर्मिनल एकपासून तेथे बसने जावे लागते, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. हेलसिंकीला २०१५ पासून विमानतळाच्या खालूनच रेल्वे मिळते आणि ती सुमारे अर्ध्या तासात शहराच्या मध्यवर्ती स्थानकात पोहोचवते. विमान सुटण्यापूर्वी दोन तास पोहोचायचे आणि दोन्हीकडे शहरापर्यंत अर्धा-पाऊण तास धरायचा, तर साडेचार-पाच तासांचे उड्डाण घरापासून दारापर्यंत आठ तासांचा दिवस घेते.

एवढा हिशेब झाल्यावर शेवटची तपासणी प्रत्यक्ष उड्डाणांवर करावी. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाकला, की मागील काही दिवसांत ते ठरलेल्या वेळेच्या तुलनेत केव्हा निघाले, केव्हा उतरले आणि किती वेळ हवेत होते, हे दिसते. तेथील वेळ उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा असतो, वेळापत्रकातला गेटपासून गेटपर्यंतचा. दोन्हींची तुलना करताना जमिनीवरची वीस-पंचवीस मिनिटे आठवणीने धरावीत. पुढे दुसरे विमान किंवा शेवटची रेल्वे पकडायची असेल, तर सरासरी वेळेवर भिस्त न ठेवता त्या यादीतील सर्वांत उशिरा पोहोचलेला दिवस शोधावा आणि त्या दिवशीही आपल्याला पुढचे वाहन मिळाले असते का, हे पाहूनच तिकीट घ्यावे.